कोपरातला शब्द

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात कोपरात पुरता वाकत नाही. गेल्या वर्षी कोपर फुटलं, डॉक्टरांनी आत प्लेट टाकून ते जुळवलं, हाड सांधलं, पण हात अर्ध्या वाटेत अडून बसला. चाकणच्या ज्या कंपनीत तो कामाला होता, तिथे अशा माणसाला परत घेण्याआधी एक तपासणी असते. उजव्या हाताची बोटं उजव्याच खांद्याला टेकवून दाखवायची. बस, एवढंच. बालवाडीतलं पोरगंही कवायतीत करून दाखवेल. जमलं तर उद्यापासून लाइनवर, नाही जमलं तर घरी. कित्येक महिने आमच्या घरात याशिवाय दुसरा विषय नव्हता.

मी चिंचवडला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बारावीच्या पोरांकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. स्वतःबद्दल तीन शब्द सांगा म्हटलं की निम्मा वर्ग एकच तिसरा शब्द सांगतो: फ्लेक्झिबल. का रे, म्हणून विचारलं तर म्हणतात, "मॅडम, सगळेच सांगतात." अर्थ विचारला की खाली बघतात. मग मी फळ्यावर लिहायची: लवचीक, परिस्थितीशी जुळवून घेणारा. हल्ली तो शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. पोरांना वाटतं मॅडम तापट आहेत. तेही काही खोटं नाही म्हणा.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. "मोडेन पण वाकणार नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते हे वाक्य कुठून तरी आणून बसवायचे. एकदा डेपोत सगळ्यांसमोर त्यांना माफी मागायला सांगितली, तीही दुसऱ्याच्या चुकीबद्दल. त्यांनी मागितली नाही. मग पुढची बरीच वर्षं सगळ्यात खराब रस्त्यांच्या गाड्या त्यांच्याच वाट्याला आल्या. आई म्हणायची, "जो वाकत नाही त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर येतं." तिनं ते ओझं वाहिलं आणि गेली. त्यानंतर अण्णा आमच्याकडे चिखलीला राहायला आले. घरात आम्ही तिघंच. अण्णा सकाळी उठून दोघांचे डबे भरायचे. हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि त्यात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

भाऊ आयटीआय झालेला फिटर. चाकणला लागला तेव्हा मोठ्या खुशीत घरी आला आणि म्हणाला, "अक्का, आमी फ्लेक्झी हाव."

"म्हणजे काय?"

"तसंच म्हणतेत तिथं. पर्मनंट येगळे, ट्रेनी येगळे, आन आमी फ्लेक्झी."

मी इंग्रजीची बाई. मला वाटलं, कामाच्या वेळेत काही सूट असेल. "म्हणजे तुझ्या सोयीनं जायचं का कामाला?"

तो हसला. "माझ्या न्हाई, त्यांच्या सोयीनं. काम असलं की फोन येतो, नसलं की येत न्हाई."

तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. फोन तर रोजच येत होता. कंपनीची बस सकाळी चौकात यायची, अण्णा डबा घेऊन खालपर्यंत जायचे आणि बस सुटेपर्यंत तिथंच उभे राहायचे. एसटीतल्या माणसाला दुसऱ्याची बस सुटताना बघायला काय आवडतं कोण जाणे. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणत होता, असंच काम राहिलं तर यंदा नाव पर्मनंटसाठी वर जाईल. अण्णांनी मुली बघायला सुरुवात केली होती.

आणि मग आला तो वाढदिवस. आमच्या चौकात एक भाऊ आहेत. भाऊ म्हणजे कोण ते पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक चौकाला असे एक पुढारी असतात, त्यांचा वाढदिवस असतो, आणि वाढदिवसाला फ्लेक्स लागतो. मधोमध भाऊ मोबाईल कानाला लावून, मागे एक वाघ, आणि खाली टिकलीएवढ्या फोटोंची रांग, त्यांना म्हणायचं शुभेच्छुक. त्या वर्षी पहिल्यांदा शुभेच्छुकांत माझ्या भावाचा फोटो आला. हात जोडलेला, केस ओले करून बसवलेले. तो फोटो त्यानं मला मोबाईलवर इतक्या वेळा दाखवला की शेवटी मी म्हटलं, अरे, तुझं लग्न ठरलंय की भाऊंचा वाढदिवस आहे?

फ्लेक्स रविवारी सकाळी लागला. वर मोठ्या अक्षरांत वाक्य होतं: मोडेन पण वाकणार नाही. अण्णांना ते गॅलरीतून दिसलं आणि ते खूश झाले, आपलं वाक्य चोरलं म्हणाले. पण फ्लेक्स नीट ताणला गेला नव्हता. खालच्या कोपऱ्यात घडी पडली होती, आणि नेमकी शुभेच्छुकांच्या शेवटच्या तीन तोंडांवर. त्यातलं एक आमचं. बाकी दोघांना काही पडलं नव्हतं. हा शिडी घेऊन गेला, दोरी सोडून घडी काढली, पुन्हा ताणून बांधताना शिडी सरकली, आणि हा उजव्या हातावर खाली आला. मी धावत गेले तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता, हात दुसऱ्या हातात धरून, आणि वर बघत होता. "निघाली बघ घडी," म्हणाला. मला इतका संताप आला की त्याला उठवायच्या आधी मी त्याला शिवी हासडली. चौकातल्या बायका अजून मला तिची आठवण करून देतात.

भाऊ आले बघायला, नाही असं नाही. केळी आणली, फोटो काढला, "काय लागलं तर हक्कानं सांग" म्हणाले. त्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांना रोज कुणाला तरी असं म्हणावं लागतं. पुढे फ्लेक्स उतरल्यावर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तो हातगाडीवर ताडपत्री म्हणून बांधला. मी भाजी घ्यायला गेले की वरून माझा भाऊ कांद्यांवर हात जोडून उभा. मी दुसरीकडून भाजी घ्यायला लागले.

प्लास्टर निघालं आणि व्यायाम सुरू झाले. चिंचवड गावठाणात एक लहानसं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथली डॉक्टर मुलगी तरुण होती, आवाज मऊ, हात मात्र लोखंडी. ती कोपर धरून हात दाबायची आणि हा दात आवळून छताकडे बघायचा. मग ती कोनमापकासारखी दोन पट्ट्यांची मोजपट्टी लावायची आणि म्हणायची, "एक्स्टेन्शन छान आहे दादा. फ्लेक्शन काही वाढत नाहीये." हात सरळ होत होता. दुमडत नव्हता.

घरी येताना रिक्षात त्यानं मला विचारलं, "अक्का, फ्लेक्स आन फ्लेक्शन एकच का?"

"एकच."

"आन आमचं ते फ्लेक्झी?"

"तेही त्यातलंच."

तो म्हणाला, "म्हंजे एकाच शब्दानं तीनदा हाणलं म्हण की."

रिक्षावाला आरशातून बघून हसला. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर मी शब्दकोश काढला. वर्षानुवर्षं शिकवलेला शब्द, पण त्याचं मूळ बघायची वेळ कधी आली नव्हती. लॅटिनमध्ये 'फ्लेक्तेरे' असं क्रियापद आहे, त्याचा अर्थ वाकवणे. तिथून तो फ्रेंचांकडे गेला, तिथून इंग्रजांकडे. प्रकाश परत वळला की रिफ्लेक्शन, गुडघ्याखाली टकटक केल्यावर पाय उडतो तो रिफ्लेक्स, हात दुमडतो ते फ्लेक्शन. गुंडाळून खांद्यावर टाकता येणारं प्लास्टिकचं कापड म्हणजे फ्लेक्स. एकाच घरातली ही सगळी भावंडं, एकमेकांची तोंडंही न बघणारी.

माझी नजर अडकली ती फ्लेक्झिबलच्या शेपटीवर. हे शेपूट मी पोरांना दरवर्षी शिकवते. जे खाता येतं ते एडिबल, जे दिसू शकतं ते व्हिजिबल. खाण्याचा पदार्थ स्वतः खात नाही, त्याला दुसरं कुणी तरी खातं. तसंच फ्लेक्झिबल म्हणजे ज्याला वाकवता येतं तो. वाकवणारा वेगळा असतो, आणि तो शब्दात कुठेच दिसत नाही. जुन्या इंग्रजीत म्हणे हा शब्द सहज कुणाच्याही म्हणण्याखाली जाणाऱ्या माणसालाही वापरायचे. तेव्हा तो काही कौतुकाचा शब्द नव्हता. कौतुक नंतर चिकटलं, बहुतेक वाकवणाऱ्यांनीच चिकटवलं असणार.

हे सगळं मी भावाला सांगितलं, गरम पाण्याची पिशवी त्याच्या कोपरावर धरून. आपला 'लवचीक' बघ, म्हटलं, तो बहुधा 'लवणे'तून आला असावा. पापणी लवते, माणूस लवून नमस्कार करतो, फांदी फळांनी लवते. त्यांना कुणी धरून दाबत नाही. आणि तुझ्या कोपराचं चाललंय त्याला म्हणतात वाकवणं. तो ऐकत होता की नाही माहीत नाही. शेवटी म्हणाला, "अक्का, तू शब्द सोड. हात लव म्हणावं त्याला."

खाण्याचे हाल होते. डाव्या हातानं जेवायचं म्हणजे आमच्याकडे अशुभच, आणि अण्णांसमोर तर नाहीच. हा उजव्या हातात घास घ्यायचा, हात ताटातून वर यायचा, आणि तोंडाच्या अलीकडे थांबायचा. उरलेलं अंतर मान खाली घालून काटायचा. हातातोंडाची गाठ पडणं मुश्कील असं आपण गरिबाबद्दल म्हणतो. ते असं डोळ्यांसमोर बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. दोन-चार दिवसांनी अण्णांनीच ताटात चमचा आणून ठेवला आणि म्हणाले, "डाव्या हातानं खा. मी बघत न्हाई." आणि खरंच ते जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

रोज सकाळी चहानंतर खांद्याची परीक्षा व्हायची. भाऊ खुर्चीत बसायचा, हात दुमडायचा, आणि बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत जी फट उरायची ती अण्णा आपल्या बोटांनी मोजायचे. सुरुवातीला वीतभर होती. दिवाळीपर्यंत चार बोटांवर आली. त्या दिवशी अण्णांनी शेजारी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण तिथं हात जो थांबला तो थांबलाच. तेल झालं, शेक झाला, कुणी सांगितलेलं एक भयंकर वासाचं मलम झालं. फिजिओवाल्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, एवढंच राहील बहुतेक. रोजच्या कामांना चालून जाईल." मी म्हटलं, त्याचं रोजचं काम चाकणला आहे. अण्णांना मी हे सांगितलं नाही. ते मोजत राहिले, आणि मला वाटतं, शेवटी शेवटी बोटं जरा फाकवून मोजायला लागले. "तीनच राहिली," म्हणायचे.

ज्या दिवशी तपासणीला बोलावलं, त्या दिवशी मी रजा टाकली. अण्णाही निघाले होते, पण भाऊ म्हणाला, "तुमी घरीच थांबा, मी फोन करतो." जाताना बसमध्ये त्यानं मला हळूच एक गोष्ट दाखवली. आरशासमोर उभं राहून त्यानं युक्ती बसवली होती. हात वर नेतानेता उजवा खांदा पुढे काढायचा, मान तिरकी करायची, म्हणजे खांदाच बोटांना येऊन भिडतो. झटक्यात केलं की लक्षात येत नाही. त्यानं करून दाखवलं. माझ्या लक्षात आलं, पण मी म्हटलं, "कळत नाही रे काही."

गेटवर पास घेतला, आत एका खोलीत कंपनीचे डॉक्टर होते. वयस्क, शांत गृहस्थ. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, पण दार उघडं होतं. त्यांनी बोटं मिटायला लावली, मूठ आवळायला लावली, वजन उचलायला लावलं. सगळं व्यवस्थित. मग म्हणाले, "आता बोटं खांद्याला लावा." भावानं झटक्यात केलं. बोटं टेकली.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता खांदा न हलवता."

त्यांनी स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलकेच. हात वर आला आणि थांबला. मला बाकावरून ती फट दिसत होती, मागच्या खिडकीतला उजेड त्यातून येत होता. भावानं जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. डॉक्टर म्हणाले, "राहू दे बाळा. दुखवून घेऊ नकोस." त्यांना शिव्या द्याव्यात असं मला फार वाटलं, पण शिवी द्यायला कारणच सापडेना.

बाहेर कंत्राटदाराचा सुपरवायझर भेटला. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ राव. पूर्ण रिकव्हर झाला की फोन कर. आपलं काय, तू फ्लेक्झी आहेस, कधी पण ये. तुझ्यासाठी गेट ओपन आहे."

"काढून टाकलं म्हणून लेखी द्या मग," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मॅडम, काढलंय कुठं? आम्ही काढत नाही कुणाला." त्याला खरंच माझं म्हणणं कळलं नव्हतं. तो चांगला माणूस असावा. त्यानं भावाला स्वतःच्या गाडीवरून हायवेपर्यंत सोडायची तयारी दाखवली. आम्ही चालत आलो.

चाकणच्या चौकात, बसथांब्याजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. भावानं ग्लास डाव्या हातात धरला होता. समोरून एकामागून एक कंटेनर जात होते, धुळीनं चहावर साय धरल्यासारखी झाली. मी म्हटलं, दुसरी नोकरी बघू. स्टोअरमध्ये, गोडाऊनमध्ये, बसून करायचं काम असतं. तो "हां" म्हणाला. मी काय बोलत होते ते मलाच पटत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की हा आत्ता, इथं, या धुळीत रडू नये. तो रडला नाही.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर बोलतात ते शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं रं? टेकली का बोटं?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

"टेकली अण्णा," तो म्हणाला. "खांद्याला टेकली."

पलीकडे अण्णा हसले. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

"बरं, ऐक," ते म्हणाले, "डबा वरच्या फळीवर ठेवलाय, धूळ बसली आसंल. मी काढून घासून ठेवतो. उद्या काय देऊ, सांग."

"काय बी द्या अण्णा."

"काय बी कसं? पयला दिवस हाय."

भावानं सांगितलं, मेथी. फोन ठेवला आणि ग्लास बाकड्यावर ठेवला. चिखलीकडे जाणारी बस आली, लोक चढले, कंडक्टरनं आमच्याकडे बघून हात केला. आम्ही दोघंही उठलो नाही.